मूर्तीचीही लिपी असते : अल्चीच्या मंजुश्रीच्या धोतरावर कोण बसले आहे?

लडाखला फिरायला गेलेल्या आपल्या एका तरुण कार्यकर्त्याने मध्यंतरी ग्रुपवर तिथल्या गोम्पांमधल्या मूर्तींचे फोटो टाकले. चार-चार हात, डोक्यावर मुकुट, गळ्यात दागिने, अंगावर रंगीत वस्त्रे. अर्ध्या तासात ग्रुप पेटला. एक म्हणाला, "हा कसला बुद्ध? हे तर बामणी देव!" दुसरा म्हणाला, "बावीस प्रतिज्ञा विसरलास का?" तिसऱ्याने दुसरे टोक गाठले, "चार हातांचे सगळे देव मुळात आपलेच, त्यांनी आपल्याकडून चोरले." त्याखाली निळ्या हृदयांची रांग लागली. फोटोतली मूर्ती कोणाची आहे, तिच्या हातात काय आहे, हे मात्र शेवटपर्यंत कोणीही विचारले नाही.

आम्ही हे हसण्यावारी नेत नाही. कारण आम्हीही त्यातलेच होतो. पहिल्यांदा अल्चीच्या मंदिरात गेलो तेव्हा दहा मिनिटांत बाहेर आलो. मनात एकच वाक्य होते, "इथेही कर्मकांडाने धम्म गिळला." दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वाचून गेलो, आणि त्याच तीन मूर्तींपुढून पाय निघेना. मूर्ती बदललेल्या नव्हत्या. पहिल्या खेपेला आम्हाला त्या वाचता येत नव्हत्या, एवढाच फरक होता.

आज महाराष्ट्रात शेकडो आंबेडकरी तरुण सुट्टीच्या दिवशी लेण्यांवर जातात, धम्मलिपी शिकतात, दानलेख वाचतात. कोणी तरी सांगितलेला इतिहास मानण्याऐवजी दगडावरचे अक्षर स्वतः वाचायचे, ही या चळवळीची मोठी कमाई आहे. पण त्याच लेणीत लेखाच्या शेजारी जी मूर्ती उभी असते तिच्यापुढे आपण निरक्षर असतो. अक्षराची लिपी असते तशी मूर्तीचीही लिपी असते. हाताची मुद्रा, हातातली वस्तू, मुकुटातले चिन्ह, आसन, वस्त्र ही त्या लिपीची अक्षरे. ती न शिकता मूर्ती नाकारणे आणि ती न शिकता मूर्तीवर दावा ठोकणे, या दोन्ही गोष्टी आपल्या चळवळीला महागात पडणार आहेत. अल्चीच्या उदाहरणावरून आम्हाला तेच सांगायचे आहे.

अल्चीत नेमके काय आहे?

लेहपासून पश्चिमेला साधारण 65-70 किलोमीटरवर, सिंधू नदीच्या काठी अल्ची हे गाव आहे. बाकीचे गोम्पा डोंगराच्या माथ्यावर किल्ल्यासारखे बसलेले दिसतात. अल्चीची मंदिरे मात्र सपाटीवर, शेतांच्या आणि जर्दाळूच्या झाडांच्या मधोमध आहेत. त्यातल्या एका मंदिराचे नाव सुमत्सेक, म्हणजे तीन मजली. आपल्या वेरूळच्या 12 क्रमांकाच्या लेणीलाही लोक 'तीन ताल' म्हणतात. नावे दोन भाषांतली, अर्थ एकच. हा योगायोग असेल, पण पुढे येणारे साम्य योगायोगाचे नाही.

सुमत्सेकच्या तीन बाजूंना तीन खोल कोनाडे आहेत आणि प्रत्येकात एक उभा बोधिसत्त्व आहे. डावीकडे अवलोकितेश्वर, समोर मैत्रेय, उजवीकडे मंजुश्री. तिन्ही मूर्ती मातीच्या, रंगवलेल्या, चार हातांच्या. उंची चार मीटरच्या आसपास, मधला मैत्रेय साडेचार मीटरहून थोडा जास्त. त्या इतक्या उंच आहेत की त्यांची डोकी वरच्या मजल्यात जातात. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर चेहरा येत नाही. डोळ्यांसमोर येते ते कमरेपासून घोट्यापर्यंतचे धोतर. आणि त्या धोतरावर बोटभर उंचीच्या चित्रांची अख्खी दुनिया रंगवली आहे.

हे मंदिर कधीचे? गोम्पाची परंपरा सांगते की थोर अनुवादक रिनचेन झांगपो (958–1055) यांनी ते बांधले. पण मंदिरातल्या लेखात संस्थापक म्हणून एका स्थानिक भिक्षूचे नाव आहे. शिवाय तिसऱ्या मजल्यावर गुरुपरंपरेचे जे चित्र आहे, त्यात द्रिगुंग परंपरेचे संस्थापक जिग्तेन सुमगोन (1143–1217) यांचा समावेश आहे. अकराव्या शतकात बांधलेल्या मंदिरात बाराव्या शतकात जन्मलेला माणूस कसा येईल? म्हणून अनेक अभ्यासक हे मंदिर तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे मानतात. मोठे नाव जोडले म्हणून काळ मागे जात नाही. पुरावा सांगतो तेच खरे धरायचे, मग परंपरा आपली का असेना. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते.

चित्रे काढणारे हात काश्मिरी शैलीचे आहेत. काश्मीर हे एके काळी बौद्ध विद्येचे मोठे केंद्र होते. तिथले रंगवलेले लाकडी विहार काळाच्या ओघात नाहीसे झाले. त्या काश्मीरची रंगरेषा आज पाहायची असेल तर अल्चीसारख्या ठिकाणीच जावे लागते. आपल्या देशाच्या बौद्ध इतिहासाचे एक हरवलेले पान मातीच्या तीन मूर्तींच्या अंगावर टिकले आहे.

तीन मूर्ती, तीन वस्त्रे

आता वाचायला लागू. अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व. त्याची सर्वसाधारण ओळख दोन खुणांनी होते, हातातले कमळ आणि मुकुटातला ध्यानस्थ अमिताभ बुद्ध. अल्चीत त्याच्या धोतरावर मंदिरे, राजवाडे, स्तूप, घोडेस्वार, येणारे-जाणारे लोक रंगवले आहेत. करुणा कुठे असते? वस्तीत, रस्त्यावर, माणसांच्या वर्दळीत. म्हणून करुणेच्या वस्त्रावर वस्ती.

मैत्रेय हा पुढे येणारा बुद्ध मानला जातो. कमंडलू आणि केसांतला छोटा स्तूप या त्याच्या खुणा. अल्चीत त्याच्या धोतरावर गोल चौकटींमध्ये बुद्धचरित्र आहे, जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत. भविष्यातल्या बुद्धाच्या अंगावर होऊन गेलेल्या बुद्धाचे आयुष्य आहे. उद्या जो येईल त्यालाही याच वाटेने चालावे लागेल, असे ते वस्त्र सांगते.

मंजुश्री हा प्रज्ञेचा बोधिसत्त्व. तलवार आणि पोथी ही त्याची ओळख. तलवार अज्ञान तोडण्यासाठी, पोथी प्रज्ञापारमितेची. त्याच्या धोतरावर 84 सिद्धांची चित्रे आहेत. त्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ, कारण आमचा खरा मुद्दा तिथेच आहे.

आधी एक आक्षेप. "हे सगळे ठीक आहे, पण आम्ही मैत्रेयाची वाट पाहत बसायचे का? आणि चार हात कशासाठी?" आक्षेप रास्त आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच पहिला प्रश्न पारंपरिक बुद्धचरित्राला विचारला होता. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर आजारी, म्हातारा आणि मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे पटण्यासारखे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात दाखवले. म्हणजे मूर्ती वाचणे म्हणजे तिच्यावरची प्रत्येक कथा मान्य करणे नव्हे. मनुस्मृती वाचल्याशिवाय बाबासाहेबांनी तिची चिकित्सा केली नाही. मग जी गोष्ट विरोधकांच्या ग्रंथालाही त्यांनी दिली, ती आपल्याच परंपरेच्या मूर्तीला आपण का देऊ नये?

आणि चार हातांचे म्हणाल तर एक प्रसंग सांगतो.

सुटातला माणूस बोट का दाखवतो?

अल्चीहून परतताना आमच्या गाडीचा चालक लडाखी बौद्ध होता. आम्ही 'जुले' म्हटले, त्यानेही 'जुले' म्हटले. बोलता बोलता त्याने विचारले, "तुमच्याकडचे बौद्ध विहारात काय ठेवतात?" आम्ही मोबाइलवर आमच्या वस्तीतल्या विहाराचा फोटो दाखवला. तथागतांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा पुतळा, मागच्या भिंतीवर मोठे पोस्टर. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि एकामागून एक प्रश्न विचारले. "बुद्धांशेजारी हे सुटातले साहेब कोण? हातात कसली पोथी? बोट कुणाकडे? आणि डोक्यामागे हे चाक आणि सूर्य कशासाठी?"

आम्ही सांगत गेलो. सूट का, तर ज्यांना अंगभर वस्त्र नाकारले होते त्यांचा तो ताठ कणा. पुस्तक संविधानाचे. बोट पुढच्या वाटेकडे. मागचे चाक अशोकचक्र. सूर्य अंधारातून बाहेर काढणाऱ्याचा. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुमचीही अशीच भाषा आहे की!"

आम्ही गप्प झालो. त्या पोस्टरवरचा सूर्य पाहून आपण कधी विचारतो का, की बाबासाहेबांच्या डोक्यामागे खरोखर सूर्य उगवला होता का? नाही विचारत, कारण ती भाषा आपण लहानपणापासून वाचत आलो. अल्चीच्या मूर्तीचे चार हात हे तसेच. एकाच वेळी अनेक कामे करणारी करुणा किंवा प्रज्ञा एका देहात दाखवायची, तर कलाकाराने हात वाढवले. कुठे अभय, कुठे दान, कुठे पोथी. चार हातांचा माणूस लडाखात जन्मला होता, असा त्याचा दावा नाही. त्या मूर्तीपुढे लोटांगण घालायचे की नाही हा वेगळा प्रश्न. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस ते घालणार नाही. पण भाषा समजून घ्यायला प्रतिज्ञा कुठे आड येते?

'तिबेटी' म्हणून झटकता येणार नाही

काही मित्र म्हणतात, "ते तिबेटी प्रकरण आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही." या मित्रांना आम्ही बोरिवलीला नेऊ. कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेणीत अवलोकितेश्वराची मूर्ती आहे. तिला चार हात आणि अकरा मुखे आहेत. हेच अकरा मुखांचे रूप आज हिमालयातल्या गोम्पागोम्पांत दिसते आणि आपण त्याला तिबेटी म्हणतो. ते मुंबईच्या डोंगरात कोरले गेले तेव्हा अल्चीचे मंदिर बांधायला अजून कित्येक शतके होती.

तिथून वेरूळला चला. 'तीन ताल' लेणीत तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटींचे शिल्पपट आहेत. मध्ये बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व, प्रत्येकाच्या हातात वेगळी खूण. अभ्यासक याला मंडल म्हणतात. आज मंडल म्हटले की आपल्याला लामांनी रंगीत वाळूने काढलेली नक्षी आठवते. ती वेरूळच्या कातळात साधारण आठव्या शतकात कोरलेली आहे. औरंगाबादच्या लेणीसमूहात 7 क्रमांकाच्या लेणीत अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे आहेत. आग, दरोडेखोर, बेड्या, बुडणारी नाव, सिंह, साप, हत्ती. व्यापारी मार्गावर चालणाऱ्या माणसाच्या भीतीची ती यादी आहे. देवळातली मूर्ती म्हणून पाहिली तर हात जोडून निघून याल. वाचली तर त्या काळच्या प्रवासाचा, व्यापाराचा, समाजाचा दस्तऐवज हाती लागेल.

म्हणजे जे हिमालयात आहे ते आपल्याकडेही होते. आपल्याकडे ती परंपरा तुटली, भिक्खू गेले, लेण्यांत वटवाघळे राहिली आणि लोकांनी लेण्यांना 'पांडवांची' म्हणायला सुरुवात केली. तिकडे ती जिवंत राहिली. अल्चीला परके ठरवाल तर त्याच न्यायाने वेरूळ आणि कान्हेरीवरचा आपला हक्कही सोडावा लागेल. याला आमच्या मित्रांकडे उत्तर नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. वज्रयानाने शैव तंत्रातून बरेच काही घेतले, हे खरे आहे. ते लपवायचे कारण नाही. पण देवाणघेवाण म्हणजे विलीनीकरण नव्हे. बिहारमधल्या बौद्ध शिल्पांत त्रैलोक्यविजय नावाची एक उग्र मूर्ती सापडते. तिच्या पायाखाली शिव आणि पार्वती आहेत. दुसऱ्याच्या देवाला पायाखाली दाखवण्यात आम्हाला काही आनंद नाही, आणि आजच्या काळात कोणी त्याचे भांडवल करू नये. पण "बौद्ध धम्म ही हिंदू धर्माचीच शाखा" असे सांगणाऱ्यांना ती मूर्ती कशी वाचायची हे विचारावे लागेल. कोणती शाखा आपल्याच खोडाला अशी पायाखाली घेते? त्या मूर्तीत दोन परंपरांचा संघर्ष नोंदवलेला आहे.

मंजुश्रीच्या धोतरावर कोण बसले आहे?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. प्रज्ञेच्या बोधिसत्त्वाच्या वस्त्रावर कोणाची चित्रे असायला हवी होती? राजांची? पंडितांची? उच्च कुळातल्या ऋषींची? अल्चीच्या चित्रकारांनी तिथे 84 सिद्ध बसवले.

हे सिद्ध कोण? परंपरेने दिलेली नावे वाचा. चमारिपा, म्हणजे चांभार. कंपरिपा, लोहार. तंतिपा, विणकर. धोंबिपा, कपडे धुणारा. मीनपा, मासे पकडणारा. कुंभाराचा चाक फिरवणाराही त्यात आहे. राजे आणि ब्राह्मणही आहेत, पण ते याच रांगेत बसतात, वर नाही. या कथांचा साचा बहुधा एकच असतो. कामात बुडालेला, पिचलेला माणूस गुरूला म्हणतो की मला साधनेला सवड नाही. गुरू त्याला काम सोडायला सांगत नाही. चांभाराला चामड्यातून, लोहाराला भट्टीतून, धुणाऱ्याला कपड्यातून चित्ताचा अभ्यास शिकवला जातो. ज्या हातांना मनूच्या व्यवस्थेने विद्येपासून तोडले, त्याच हातांतल्या कामाला इथे विद्येचे साधन केले आहे.

मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. मंजुश्रीच्या एका हाताशी पोथी जोडलेली आहे आणि त्याच्या वस्त्रावर चांभार, लोहार, धोबी यांची परंपरा बसलेली आहे. शंबूकाचे डोके ज्या व्यवस्थेच्या कथेत उडवले जाते, एकलव्याचा अंगठा जिथे मागितला जातो, त्याच भूमीवर दुसरी एक परंपरा होती. ती चर्मकाराला सिद्ध म्हणत होती आणि प्रज्ञेच्या अंगावर त्याला जागा देत होती. 84 सिद्धांच्या चित्रांचा इतका जुना संच दुसरीकडे क्वचितच मिळेल. पहिल्या भेटीत आम्ही "बामणी देव" म्हणून जिच्याकडे पाठ फिरवली, ती मूर्ती आपल्या पूर्वजांचे नाव अंगावर घेऊन उभी होती.

हुरळून जायचेही कारण नाही. या सिद्धकथांत डोंब स्त्रीसारखी पात्रे येतात ती बरेचदा पुरुषाच्या साधनेचे साधन म्हणून. तिचे स्वतःचे म्हणणे काय, हे कथा सांगत नाही. 84 जणांत स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या. ही टीका आपण केलीच पाहिजे. फुले-आंबेडकरी चिकित्सेची पट्टी आपल्या आवडत्या मूर्तीलाही लागते.

धोतरावरचा लोहार आणि गावातला लोहार

आणि ही पट्टी लावली की एक बोचणारा प्रश्न समोर येतो. लडाखच्या बौद्ध समाजात मोन, बेदा आणि गारा असे तीन समुदाय आहेत. मोन आणि बेदा वाजंत्री, गारा लोहार. सण असो, लग्न असो, मोनांच्या वाद्याशिवाय शुभकार्य होत नाही. पण पंगतीच्या मांडणीत या लोकांची जागा शेवटची. बाकीचे लोक त्यांच्याशी सोयरिक करत नाहीत. त्यांच्या कपातून पिणे टाळण्याची रीत चालत आली आहे. 1989 मध्ये तिथल्या अनुसूचित जमातींची यादी झाली तेव्हा बेदा, गारा आणि मोन यांची नावे बोत, चांगपा, बाल्टी अशा इतर समुदायांबरोबर त्यात आली. कागदावर सगळे एका यादीत, पंगतीत मात्र नाही.

हे वाचून महाराष्ट्रातल्या कोणाला नवल वाटेल? आपल्याकडेही हलगी आणि सनईशिवाय वरात निघत नव्हती आणि ती वाजवणाऱ्याला मांडवाबाहेर बसवत होते.

मंजुश्रीच्या धोतरावर लोहार सिद्ध आहे आणि गावच्या पंगतीत लोहार शेवटी आहे. हे दोन्ही एकाच खोऱ्यात. मूर्ती वाचता आली तर आपण लडाखी बौद्ध बांधवाला त्याच्याच मूर्तीचा हवाला देऊन विचारू शकतो, "दादा, तुमच्या मंजुश्रीने ज्याला अंगावर बसवले, त्याला तुम्ही पंगतीच्या शेवटी का बसवता?" हा प्रश्न बाहेरून आलेल्या माणसाचा उपदेश वाटणार नाही. तो त्याच्याच घरातला आवाज वाटेल. आणि "तुमचा धम्म भ्रष्ट, आमचा शुद्ध" असे म्हणत गेलो तर? तो दार लावून घेईल. त्यात नुकसान गाराचे आणि बेदाचे होईल, आपले नव्हे.

हा प्रश्न आपल्यालाही परत विचारला जाईल, याची तयारी ठेवा. आपल्या विहारात तथागत आहेत, बाबासाहेब आहेत, आणि तरी पोटजात पाहून लग्ने जुळवली जातात. आपल्या भिंतीवरच्या पोस्टरमधले बोट आपल्याकडेही वळते.

दावा करायचा तर पुराव्याने

राहिला तो तिसरा मित्र, ज्याला चार हातांची प्रत्येक मूर्ती बौद्ध वाटते. त्याच्या भावनेचे मूळ आम्हाला कळते. लेण्याद्रीच्या बौद्ध लेणीसमूहात 7 क्रमांकाच्या विहारात गणपती बसला आहे. कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरेचे देऊळ आहे. महाबोधी विहाराच्या आवारात बुद्धमूर्तींना पांडव म्हणून पुजले गेले आणि 1949 च्या कायद्याने विहाराच्या व्यवस्थापनात आजही बौद्धांना पूर्ण अधिकार नाही. हा अन्याय डोळ्यांदेखत चालू असताना राग येणारच.

पण नुसत्या रागावर दावा टिकत नाही. हिमाचलच्या लाहौलमधले त्रिलोकनाथ पाहा. मंदिरातल्या एकाच पांढऱ्या संगमरवरी मूर्तीला हिंदू भाविक शिव म्हणून पुजतात आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून. तिथे घोषणा देऊन काय सिद्ध होणार? मूर्ती वाचा. सहा हात, ललितासन आणि डोक्यावर बसलेला बुद्ध. शिवाच्या डोक्यावर चंद्र आणि गंगा असते. ध्यानस्थ बुद्ध ही खूण अवलोकितेश्वराची आहे. एवढे एक वाक्य दहा घोषणांपेक्षा जड आहे. आणि हे सांगितल्यावरही तिथे शेकडो वर्षे शेजारी उभे राहून हात जोडणाऱ्या गरीब माणसांना एकमेकांशी भिडवायचे नाही, हेही आपणच सांगायचे आहे.

याउलट हातात खूण नसताना, काळ जुळत नसताना, फक्त फॉरवर्ड आला म्हणून एखादी मूर्ती बौद्ध ठरवली की काय होते? उद्या कोणी तरी ती चूक दाखवतो. मग त्या एका चुकीचा दाखला देऊन आपले दहा खरे दावेही खोटे ठरवले जातात. महाबोधीच्या लढ्याला याचा फटका बसू शकतो. आपला खोटा दावा हे विरोधकाला फुकट मिळालेले हत्यार असते.

बाबासाहेबांची रीत आठवा. 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांनी देहूरोडला रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. म्हणजे मूर्तीच नको, अशी त्यांची भूमिका नव्हती. पंढरपूरच्या मूर्तीचे मूळ बौद्ध आहे असे मत त्यांनी मांडले तेव्हा त्यावर प्रबंध लिहिण्याचा मनोदयही सांगितला. विधानाबरोबर पुराव्याची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. आपण विधान घेतले आणि जबाबदारी सोडून दिली.

मग करायचे काय?

फार मोठे काही नाही. तुमच्या गावाजवळच्या लेणीवर धम्मलिपीचा वर्ग होत असेल तर त्यात एक तास मूर्तीसाठी ठेवा. पाच मुद्रा शिका : भूमिस्पर्श, धम्मचक्रप्रवर्तन, ध्यान, अभय, वरद. तीन बोधिसत्त्वांच्या खुणा पाठ करा : मुकुटात बुद्ध असेल तर अवलोकितेश्वर, केसांत स्तूप असेल तर मैत्रेय, तलवार आणि पोथी असेल तर मंजुश्री. एवढ्या शिदोरीवर वेरूळ, कान्हेरी, औरंगाबाद आणि अल्ची यांतले निम्मे कोडे सुटते. ज्याची खूण सापडत नाही त्याबद्दल "अजून कळले नाही" असे लिहून ठेवा. त्यात कमीपणा नाही.

लडाखला किंवा स्पितीला जाल तेव्हा फोटो काढून पळू नका. आत फोटो काढू देत नाहीत तिथे हट्ट धरू नका. रंग नाजूक आहेत, माती नाजूक आहे, श्वासाच्या ओलाव्यानेही त्यांचे वय कमी होते. तिथल्या भिक्षूंना, गाडीवाल्यांना, शेतातल्या बायकांना विचारा. त्यांना आपल्या पुतळ्यातल्या बोटाचा अर्थ सांगा. आणि परत येताना गावाच्या कडेला राहणाऱ्या वाजंत्र्याच्या किंवा लोहाराच्या घरचा चहा मागून प्या. अल्चीची मूर्ती आपल्याला कळली की नाही, याची खरी परीक्षा तिथे आहे.

ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या त्या तरुणाला आम्ही नंतर फोन केला. म्हटले, "फोटो डिलीट करू नकोस. प्रत्येक फोटोखाली लिही, हातात काय आहे, मुकुटात काय आहे." दोन दिवस लागले त्याला. चार मूर्तींची ओळख पटली, एकीची पटली नाही. तिच्याखाली त्याने प्रामाणिकपणे लिहिले, "ही कोणाची, कोणाला माहीत असेल तर पुराव्यासह सांगा." ग्रुप दिवसभर शांत होता. संध्याकाळी, ज्याने "हा कसला बुद्ध" म्हणून सुरुवात केली होती त्याचाच मेसेज आला, "उजव्या हातात काय आहे ते नीट दिसत नाही. फोटो मोठा करून टाक."

जय भीम! नमो बुद्धाय!